इंजिनियरसाहेबांचा चुगलखोर पंप

माझा धाकटा भाऊ स्वतःला इंजिनियर म्हणवतो. पोहण्याच्या तलावावरचा पंप सकाळी चालू करायचा आणि संध्याकाळी बंद करायचा, एवढंच त्याचं काम. तेही मी मॅनेजरच्या हातापाया पडून मिळवून दिलेलं. मी तिथेच तिकिटाच्या खिडकीवर बसते. पण साहेबांचा रुबाब बघाल तर तलाव यांनीच खणला असं वाटेल.

इंजिनियरसाहेबांचं एकच दुखणं, सकाळी डोळा उघडत नाही. आणि पंप निघाला चुगलखोर. वेग कमीजास्त करता येतो असा तो नवा पंप. चालू केला की आधी काही मिनिटं पूर्ण वेगाने घोंघावतो, नळीतली हवा बाहेर काढतो आणि तलावातलं पाणी ओढून घेतो. याला प्रायमिंग म्हणतात. पाणी नीट धरलं की वेग आपोआप उतरतो आणि मग दिवसभर पंप कुजबुजत चालतो. पंपाच्या खोलीच्या वरच्याच मजल्यावर मॅनेजर राहतो. त्यामुळे आमच्या बंधुराजांनी कामाला हात कधी लावला, हे त्याला अंथरुणातच कळायचं.

दुसरा कुणी असता तर लवकर उठला असता. याने प्रायमिंगच बंद करायचं ठरवलं.

पण पंपावरची बटणं या इंजिनियरला कुठे समजतात? त्याने लेकीला बोलावलं. माझी ही भाची रोज पहाटे माझ्याबरोबर यायची आणि तलाव उघडण्याआधी पोहून घ्यायची. कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून मॅनेजरने तेवढी सवलत दिली होती. महिन्याभरात तिची निवड चाचणी होती आणि सरावाला जवळपास दुसरा तलाव नाही. बापाने तिला सांगितलं, मॅनेजरसाहेबांना आवाजाचा त्रास होतो. पाणी चढलं नाही तर काय, असं पोरीने विचारलंसुद्धा. त्यावर हा म्हणाला, इंजिनियर मी की तू? तिने मुकाट्याने सेटिंग बदललं.

काही दिवस मजेत गेले. पंपात आदल्या दिवशीचं पाणी टिकून असायचं, म्हणून मंद वेगावरही काम भागायचं. भाऊ आरामात उशिरा यायचा आणि वर मलाच डोकं वापरायला शिकवायचा.

मग पंपाची जाळी साफ करायची वेळ आली. झाकण उघडलं की आत हवा शिरते, म्हणून ते लावण्याआधी जाळीचं भांडं पाण्याने काठोकाठ भरायचं असतं. तेवढे कष्ट कोण घेणार? याने रिकाम्या भांड्यावरच झाकण आवळलं, पंप मंद वेगावर सोडला आणि चहाला गेला. त्या वेगाने हवा कसली निघते? झाकण पारदर्शक आहे. नुसतं वाकून बघितलं असतं तरी आत थेंब नाही हे दिसलं असतं. पंप कोरडाच फिरत राहिला, तापला आणि त्याचं सील जळलं. वास सुटला तसा मॅनेजर खाली आला. मीही धावले, आणि माझ्यामागून ओल्या केसांनी भाची.

प्रायमिंग कुणी बंद केलं, असं मॅनेजरने विचारलं. भावाने जमिनीकडे बघत उत्तर दिलं.

"पोरीने केलं, साहेब. लहान आहे, बटणं दाबत बसते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी सांगितलं आणि कशासाठी, ते सगळं मी मॅनेजरला तिथेच ऐकवलं. त्याने भाचीला विचारलं, आत्या म्हणते ते खरं का? तिने बापाकडे बघितलं. तो स्वच्छ हात फडक्याने पुसत होता.

"नाही," ती म्हणाली. "मीच केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

यंत्राला हात लावणारी मुलं तलावावर नकोत, उद्यापासून हिचं पोहणं बंद, असं सांगून मॅनेजर वर निघून गेला. भावाची नोकरी शाबूत राहिली.

घरी जाताना त्याला हायसं वाटलं होतं. "बघ ताई," तो मला म्हणाला, "पोर किती समजूतदार निघाली."

ती शेजारूनच चालत होती. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या मूर्खाला वाटलं, लाजली.