डब्याच्या काकूंची शिकवणी

डब्याच्या काकू माणसाची पारख कढईच्या बुडावरून करत. रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमच्या शेजारी त्या एकट्या राहत आणि चाळीस जणांचे जेवणाचे डबे करत. घासलेली कढई आधी उलटी करून बघायच्या. म्हणायच्या, "वरून तर सगळेच चमकतेत."

मी शिकायला डब्लिनला निघालो तेव्हा लोकांनी पेनं दिली, देवाचे फोटो दिले. काकूंनी तारेची घासणी दिली. "तिकडे पार्ट टाइम करशील ना? मंग काय पुस्तक वाचून दाखवशील त्यायले? बस नळाखाली." घरात कधी पेलाही न विसळलेला मी पंधरा दिवस त्यांच्या मोरीत बसलो. करपलेलं पातेलं जोरात खरवडू लागलो की ओरडायच्या, "अरे, भांडून काहून राहिला त्याच्याशी? भिजू दे ना घटकाभर!"

डब्लिनला मला एका हॉटेलात भांडी घासण्याचंच काम मिळालं. माझा हात बघून मॅनेजरने विचारलं, आधी कुठे होतास? मी म्हटलं, रायपूरला.

बाबा सरकारी अधिकारी. मी तिथल्या लायब्ररीत काम करतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काकूंना याचा पत्ता नाही. भर हळदीकुंकवात त्या म्हणाल्या, "आपला पोट्टा तिथं भांडे घासून राहिला. अन् मॅनेजर खूश!" बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला फोनवर म्हणाले, "लोकांले तोंड कसं दाखवू मी?" त्यानंतर आमच्यात कामाचा विषय निघेनासा झाला. मी काकूंपाशी कुरकुरलो, तर त्या हसल्या. "तुझे बाबा भिजून राहिले सध्या. लागते थोडा वेळ."

पुढच्या वर्षी परदेशी निघालेली कॉलोनीतली तीन मुलं त्यांच्या मोरीत बसली. त्यातली एक मुलगी म्हणाली, "काकी, वहाँ तो मशीन होती है." काकू म्हणाल्या, "हव. अन् बिघडली मंग?"

या मार्चमध्ये काकू गेल्या. मी थेट तेरवीच्या दिवशी पोहोचलो. पंगती उठल्या होत्या. मागे मोरीत बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खरकट्या भांड्यांच्या ढिगासमोर बसले होते. शेजारचे एक गृहस्थ धावले, "अरे साहब, आप क्यों? बाई है ना!"

बाबांनी मान वर केली, तर दारात मी.

"माझा पोरगा तिकडे हेच काम करते," ते मोठ्याने म्हणाले. मग माझ्यासाठी थोडे बाजूला सरकले. "ये, बस. दाखव मले."