तोंडचं पानी

"तोंड उघड. जीभ वर वळव. टाळूला लाव. हं, आता म्हण, ण."

साहेब खुर्चीत. मी उभी. गोखिवऱ्याच्या कारखान्याचं ऑफिस, सकाळचे अकरा, सगळा स्टाफ हजर. आनि मी तोंड उघडलं. खरंच उघडलं! चोवीस वर्षांची बाई, सायन्स शिकलेली, आनि बाजारात बैलाचे दात बघतात तशी जीभ दाखवत उभी राहिले.

"न," मी म्हनाले.

"न नाही गं बाई! ण. बाणातला. तुम्ही लोक मीठच खाता का नुसतं? जीभ झडली वाटतं त्याने."

सगळे हसले. फिलोमिना सगळ्यांत मोठ्यानं. ती टायपिस्ट, पाचूबंदरची, कोळ्यांची पोर. तिच्याही घरी पानीच म्हनतात. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी हसली.

मी जूचंद्रची. घर आगऱ्यांचं, मिठागरातलं. आय आगरात मीठ ओढायची. पायाला भेगा, त्यात मीठ, वर ऊन. त्यातून तिनं मला शिकवलं. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करनारी मी पहिली. सहा महिने कच्ची नोकरी होती आनि त्या गुरुवारी ते सहा महिने संपत होते. कायम झाले तर आयला आगरातून बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही नाही.

कारखान्यात प्लास्टिकची बुचं बनायची. ऑफिसात एक युनिक्सचं मशीन, म्हंजे कॉम्प्युटर, आनि त्याला फोनशी जोडनारा मॉडेम. मुंबईच्या हेड ऑफिसात दुसरं मशीन. आमच्या मशीननं फोन फिरवायचा, तिकडच्यानं उचलायचा, मग दिवसाचा माल, ऑर्डरी, पत्रं, सगळं आपोआप जायचं. इंटरनेट हा शब्द तेव्हा आमच्या गावीही नव्हता. ही जोडनी करायचं काम माझ्यावर आलं. गुरुवारपर्यंत लाइन सुरू झाली तर मी कायम, नाही तर घरी. साहेब हेड ऑफिसातून त्यासाठीच आला होता. तेव्हा त्याला अहो-जाहो करायची. आता नाही करनार.

काम मला येत होतं. एका फायलीत एक ओळ लिहायची. कुठल्या मशीनला, कुठल्या नंबरवर, किती वेगानं. आनि शेवटी दोन मशीनांचं बोलनं. समोरून 'लॉगिन' आलं की आपलं नाव सांग, 'पासवर्ड' आलं की खुनेचा शब्द सांग. ह्यात एक गंमत होती. 'लॉगिन' पूर्न लिहायचंच नाही. पहिला एल गाळून 'ऑगिन' एवढंच लिहायचं. कारन एखादं मशीन मोठा एल पाठवतं, एखादं छोटा. पहिल्या अक्षरावरून कुनी अडू नये म्हनून ते अक्षरच सोडून द्यायचं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. का ते तेव्हा कळलं नाही.

खुनेचा शब्द कागदावर देत नाहीत, तोंडी देतात. साहेबानं सोमवारी दिला, हसत हसत.

"पाणी. इंग्रजीत चार अक्षरं. जमेल ना?"

मी टाकला. पी, ए, एन, आय. फोन लागला, मॉडेम किंचाळला, नाव घेतलं, शब्द घेतला. आनि पडद्यावर आलं, चुकीचं लॉगिन.

पुन्हा टाकला. पुन्हा तेच. केबल बदलली. वेग कमी केला. मशीन काय बोलतंय ते अक्षर न अक्षर पडद्यावर आनून वाचलं. सगळं बरोबर, फक्त तो शब्द चूक. पन शब्द तर तोच होता! साहेबाला विचारलं तर तो खुर्चीत मागं रेलून म्हनाला, "जसं बोलतेस तसंच टाइप केलंस. तुझी जीभ मशीनमध्ये गेली बघ." आनि मग ते, तोंड उघड.

माझ्या तोंडचं पानी पळालं. मला वाटलं दोष खरंच माझ्यात आहे. माझ्या रक्तात, आयच्या भाषेत, जूचंद्रच्या मातीत. इतकं शिकून माझी अक्कल कुठं शेन खायला गेली होती कोन जाने, पन वाटलं खरं.

मंगळवारी पुन्हा तोंड उघडायला लावलं. दिवसातून दोनदा, चहाच्या आधी. जेवायच्या सुट्टीत फिलोमिना हळूच जवळ आली. "म्हन ना एकदा तसं. पान्यात राहून माशाशी वैर कशाला गो?" मला तिचा रागही आला नाही. तिलाही भीती होती.

घरी गेले की आरशासमोर बसायची. ण. ण. ण. जीभ दुखायची. शेजारची बाय म्हनाली, "भूत लागलं का गो हिला?" बुधवारी संध्याकाळी जमलं. बाणातला ण, अगदी साहेबासारखा. मला आनंद झाला! किती लाज वाटते आता तो आनंद आठवून.

तेवढ्यात आय आगरातून आली. दारात टेकली, पाय पसरले.

"बाय, जरा पानी दे गो."

आनि मी खेकसले. "पानी नाही! पाणी. पाणी म्हण. तुझ्यामुळं झालंय हे सगळं!"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आगरातला मुकादम ओरडला की ती बघायची, तसं बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं आनि स्वतः उठून माठाकडे गेली. भेगाळलेले पाय ओढत. मी जागची हलले नाही.

साहेबानं मला जे केलं ते मी आयला केलं. त्याला तीन दिवस लागले. मला एक घोट पान्याचाही वेळ लागला नाही.

गुरुवारी सकाळी मशीनसमोर बसले, पन जीव कशात नव्हता. साहेबानं फ्लॉपीवर आनलेली मालाची यादी नुसतीच बघत होते. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द. प्लास्टिकचा दाना, त्याच्या गोन्या. दोन्ही शब्दांत मधला एन मोठा, बाकी अक्षरं छोटी. मला आधी वाटलं होतं टायपिंग चुकलंय. चुकलं नव्हतं. साहेब ण साठी मोठा एन लिहायचा. छोटा एन म्हंजे न, मोठा एन म्हंजे ण. आनि युनिक्सला मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं.

म्हंजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! एक शब्द बोलला असता, 'मोठा एन', की काम झालं असतं. नाही बोलला. त्याला लाइन सुरू करायची घाई नव्हती. त्याला माझी जीभ बघायची होती.

मी फाइल उघडली. एक अक्षर बदललं. नंबर फिरवला. मॉडेम किंचाळला आनि तिकडच्या मशीननं आत घेतलं. पत्रं भराभर जायला लागली. कोनीतरी टाळ्या वाजवल्या.

साहेब उठून आला. पडदा बघितला. तोंड पडलं त्याचं, पन लगेच सावरला. माझं कायम केल्याचं पत्र टेबलावर ठेवलं, पेनाचं टोपन काढलं.

"छान. हातानं जमलं. आता सगळ्यांसमोर तोंडानं म्हण, की लगेच सही."

फिलोमिनाचा टाइपरायटर थांबला. मला वाटलं, म्हन. एक अक्षर आहे. काल जमलंय. म्हन आनि घे पत्र, आय बाहेर येईल आगरातून. देवाशपथ, जीभ वर उचललीसुद्धा.

आनि कालची, घराच्या दारात टेकलेली आय डोळ्यांसमोर आली.

"पानी," मी म्हनाले.

"परत."

"पानी."

"अजून येत नाही? मग सही कशी करू मी?"

"येतं मला," मी म्हनाले. "चांगलं येतं. म्हननार नाही."

त्यानं टोपन लावलं. पत्राची घडी केली आनि खिशात घातली. फिलोमिना मान खाली घालून टाइप करायला लागली. मी पर्स उचलली आनि निघाले.

पुढं काही भलं झालं नाही. उगाच कशाला खोटं सांगू? दुसरं काम लवकर मिळालं नाही. तो पूर्न हंगाम मी आयबरोबर आगरात मीठ ओढलं. पुढं वसईत कॉम्प्युटर शिकवायला लागले, अजून शिकवते. पन आय आगरातून बाहेर आली ती कंबर मोडल्यावरच. तिकडे माझी ती ओळ, तो मोठा एन, कित्येक वर्षं चालला म्हने. दुसऱ्या कुनाच्या नावावर.

आनि आय? त्या बुधवारनंतर ती माझ्यासमोर पानी म्हनालीच नाही. तहान लागली की म्हनायची, "तांब्या दे." मी कितीदा सांगितलं, आय, चुकलं माझं, म्हन गो. ती नुसती हसायची. शेवटच्या आजारात, ओठ सुकले तेव्हाही, बोटानं तांब्या दाखवला. एवढा एक शब्द मी तिच्या तोंडातून काढून घेतला. साहेबाला मी माफ केलं नाही. स्वतःलाही केलं नाही.

म्हनून हे आयच्या भाषेत लिहिलं. मुद्दाम. शाळेत मला ण शिकवला आहे, कुठं येतो ते मला कळतं. ह्या लिखानात जिथं तो आहे तिथं तो साहेबाचा आहे. आयवर मी फेकला तोही त्याचाच. बाकी सगळं आमचं. छापनाऱ्यानं, तपासनाऱ्यानं, कोनीही, ह्यातलं एक अक्षर शुद्ध करायचं नाही. करायचं असेल तर छापू नका. कागद परत द्या.