मिस्त्रींना गाडी लागते

बत्तीस वर्षं ट्रकच्या इंजिनात हात घालणाऱ्या माणसाला गाडी लागते, हे कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून मिस्त्रींनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. लग्नानंतर नव्या नवरीला घेऊन निघालेली मोटार चार वेळा थांबवावी लागली, तेव्हा बायकोला कळलं. तिने ते पोटात ठेवलं.

घरापासून वर्कशॉप चालत वीस मिनिटांवर. बाजार, दवाखाना, सगळं पायीच. गाडी दुरुस्त झाली की मिस्त्री ड्रायव्हरच्या हातात किल्ली द्यायचे, "एक चक्कर मारून या" म्हणायचे आणि चिंध्यांनी हात पुसत दारात उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय भरवसा आहे बघा स्वतःच्या कामावर! शेजारी बसायचीसुद्धा गरज नाही.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांब शेड, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. तिथे एका सकाळी काचवाल्या बाईंचा ट्रक आला. या बाई इमारतींना लागणाऱ्या मोठाल्या काचा पोचवायच्या. ट्रकवर तिरकी चौकट, तिच्यावर काचा टेकवलेल्या. गाडी हळू चालवायच्या, बोलायच्या मात्र भरधाव.

"सकाळी उठायचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "डिझेल वर ओढायचा हातपंप मारून मारून खांदा गेला माझा. उठली तर धूर सोडते, मग बरी चालते. आणि भरल्या गाडीने पाण्याच्या टाकीचा चढ चढायला घेतला, की मध्येच गप्प. दहा मिनिटं थांबलं, की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही!"

"आधी कुणी बघितली?"

"दोघांनी. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने फिल्टर बदलून पंप खोलला. दोघंही म्हणाले, झाली."

मिस्त्रींनी सेल्फ मारून पाहिला. इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला, तर डिझेलबरोबर फेस आला. कुठून तरी हवा शिरत होती. तासाभराने त्यांना जागा सापडली. फिल्टरच्या जोडाखालचा तांब्याचा वायसर, म्हणजे चकती, चेपला होता. रात्रभर तिथून हवा आत जायची, डिझेल टाकीकडे उतरायचं आणि सकाळी नळी रिकामी. मिस्त्रींनी नवा वायसर टाकला, एअर काढली आणि इंजिन दोन तास जागेवर चालू ठेवलं. कुठे अडखळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच किल्लीला गाडी उठली.

"चक्कर मारून या," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी चक्कर मारली. रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर. गाडी ठणठणीत. मग त्या काचा भरून गेल्या आणि दुपारी पायी परत आल्या; मागून ट्रॅक्टरने ओढत आणलेला भरला ट्रक. चेहरा उतरलेला, चपला धुळीने माखलेल्या.

"चढ कसाबसा चढून पलीकडच्या रेल्वे फाटकात गेले आणि रुळावर गाडी बंद पडली," त्या म्हणाल्या. आवाज आज हळू होता. "घंटा वाजायला लागली होती. फाटकवाला ओरडला, रस्त्यावरची माणसं धावली, ढकलून बाहेर काढली. एका म्हाताऱ्याने तर हातातली पिशवी टाकून दिली हो."

एक दोष सापडला आणि आपण तिथेच समाधान मानलं, हे मिस्त्रींना कळून चुकलं.

"जागेवर चालते, रस्त्यावर बंद पडते," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही शेजारी बसा. त्याशिवाय मी हिला हात लावणार नाही."

मिस्त्रींनी गुडघ्याचं कारण सांगितलं. मग पलीकडच्या गाडीचं. बाई स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी "उद्या दहाला" असं मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

सकाळी बायकोने नाश्ता दिलाच नाही. आल्याचा तुकडा आणि दोन जाड पिशव्या त्यांच्या खिशात कोंबल्या. "लांबवर बघत बसा," तिने बजावलं. "खाली मान घालू नका."

पण काम नेमकं मान घालून बघण्याचं होतं. टाकीकडून आलेली नळी फिल्टरला जिथे मिळते, तिथे मिस्त्रींनी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा लांब तुकडा जोडला आणि खिडकीतून आपल्यासमोर घेऊन आरशाच्या दांडीला बांधला. हवा शिरत असेल तर नळीत बुडबुडे दिसणार. त्यासाठी नजर हलवून चालणार नव्हतं. गाडी डुलत होती, डिझेलचा वास नाकात बसला होता. पहिल्याच वळणावर मिस्त्रींच्या कपाळाला घाम फुटला.

"बरं वाटत नाही का?"

"रस्त्याकडे बघा तुम्ही."

दुसऱ्या वळणानंतर पिशवी बाहेर निघाली. बाईंनी गाडी हळू केली आणि त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"आणि धंदा हा निवडलात?"

"उभ्या गाडीत काही होत नाही."

बाईंना हसू आवरेना. मिस्त्रींनाही त्या अवस्थेत थोडं हसू आलं. तेवढ्यात चढ लागला. इंजिन जड झालं. मिस्त्रींनी नजर नळीवर खिळवली. एकही बुडबुडा नव्हता. पण ती प्लास्टिकची नळी हळूहळू चपटी होत गेली, गालफडं आत ओढावीत तशी, आणि इंजिनाने मान टाकली.

"ब्रेक ओढा. चाकाला दगड लावा," असं म्हणून मिस्त्री खाली उतरले, आधी रस्त्याकडेला वाकले, तोंड धुतलं आणि मगच डिझेलच्या टाकीकडे गेले. म्हणजे हवा नव्हे, अडथळा. पंप जोर लावून ओढतोय आणि मागून डिझेल येत नाही. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. आत हवा ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे झाकणातलं हवेचं भोक मोकळं होतं. मग टाकीजवळची रबरी नळी सोडवून तिच्यातून फुंकलं. वारा सरळ पार गेला. उलट ओढून पाहिलं, तर श्वास अडला.

बाहेरून ती नळी नव्यासारखी दिसत होती. मिस्त्रींनी चाकूने ती उभी चिरली. आतलं अस्तर एका जागी सुटलं होतं, इवल्याशा जिभेसारखं. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, तेव्हा ते गप पडून राहायचं. चढावर ओढ वाढली की उठून वाट अडवायचं, आणि गाडी बंद पडली की पुन्हा खाली बसायचं.

"एवढंसं?" बाई म्हणाल्या.

"एवढंसंच. पण उभ्या गाडीत मला ते जन्मात दिसलं नसतं."

त्या जागी त्यांनी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बसवला. एअर काढली. गाडी चढ चढली, फाटक ओलांडून गेली, काचा पोचवून परत आली. मिस्त्रींना आणखी दोनदा उलटी झाली. शेडमध्ये येऊन त्यांनी नवी रबरी नळी लावली आणि दुपारभर बाकावर आडवे झाले.

बाईंनी हा प्रकार गुपित ठेवला असेल, अशी आशा मिस्त्रींना दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी समोरचा पंक्चरवाला आल्याची वडी घेऊन आला. महिनाभर चेष्टा झाली, मग लोक कंटाळले. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या गाडीचं दुखणं जागेवर सापडेना, तिच्यात मिस्त्री बसू लागले. उलट्या थांबल्या नाहीत. पिशवी सोबत असायची, एवढंच.

एका रविवारी त्यांनी लेकीला फोन लावला. लेक लग्न होऊन पाच तासांच्या रस्त्यावर राहत होती. सहा वर्षांत आई चारदा जाऊन आली होती, वडील एकदाही नाही. दर वेळी त्यांना काम निघायचं. मिस्त्रींनी तिला आता खरं कारण सांगितलं. पलीकडे आधी ती हसली, मग हसू थांबवून तिने विचारलं,

"बाबा, म्हणजे तुमचा ह्यांच्यावर राग नव्हता?"

"राग? कशाचा?"

"आमचं लग्न तुम्हाला पसंत नव्हतं, असं वाटायचं आम्हाला. हे तर अजून तसंच समजतात."

"दे जरा त्यांना फोन," मिस्त्री म्हणाले, आणि जावई लाइनवर येईपर्यंत उभे राहिले.