शेकाट्यांची काच

जुन्या पेटीच्या तळाशी ती फोटोची काच हाती लागली आणि मिठागराचा खारट, कुजका वास पुन्हा नाकात शिरला. शिमग्याच्या सुट्टीत मी ठाण्याच्या खाडीवर गेलेलो. वडील तिथल्या मिठागरावर मुकादम होते, हयातभर त्यांनी मिठाच्या वाफ्यांवरची पाखरं हाकलली, आणि अंथरुणाला खिळल्यावर रोज एकच विचारायचे, "शेकाट्या आल्यात का रे?" वैद्यांनी हात टेकले होते. म्हणून त्यांना शेकाट्या दाखवायला मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि तीन दिवस गुडघाभर चिखलात उभा राहिलो. पाखरं हलायची, काचा वाया जायच्या. एकच काच उरली तेव्हा लांब, लाल पायांच्या पंधरा-वीस शेकाट्या बांधालगतच्या पाण्यात येऊन स्तब्ध उभ्या राहिल्या. मी श्वास रोखून भिंगावरचं झाकण काढणार, इतक्यात मागे कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला. सगळी पाखरं उडाली, आणि मी दचकल्याने झाकण निघून माझ्या हातात आलं. बांधावर मिठागरातला एक म्हातारा हसत उभा होता. "हाकलली बगा, भाऊ! सगला मीठ घान करतान." मी झाकण पुन्हा भिंगावर बसवलं. हे काम त्याला वडिलांनीच शिकवलेलं. त्या शेवटच्या काचेवर तसबीर नुसत्या पाण्याची निघाली. ती काच मी घरी नेऊन वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "पाणी हललंय बघ. आत्ताच उडाल्यात." आज त्यांच्या वयाला येऊन मी ती काच उजेडाला धरतो, पण ते हललेलं पाणी मला काही केल्या दिसत नाही.