रेडिओची उंची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान आहे. एक आरसा, एक खुर्ची आणि एक रेडिओ. रेडिओ म्हणजे दुकानाचा मालक. त्याने एकदा गळ्याभोवती कापड बांधलं, की हवामानापासून शेजाऱ्यांच्या भांडणांपर्यंत सगळं ऐकूनच सुटका. माझ्या डोक्यावर आता कापण्याजोगं फारसं उरलेलं नाही, तरी मी नेमाने जातो. तो कात्री हवेत चालवतो, मी मान वाकवून बसतो; दोघांचीही अब्रू राहते.

मग रेडिओचं लिव्हर बिघडलं. चहापलीकडे काही न प्यालेला माणूस; पण डोळे पिवळे झाल्यावर गल्लीच्या भुवया वर गेल्याच. "प्यायलो असतो तर निदान ती मजा तरी आठवत बसलो असतो," तो म्हणायचा. पोट फुगलं, मांड्यांच्या काड्या झाल्या. लिव्हर बदलावं लागेल असं ठरलं आणि मोठ्या दवाखान्यातल्या यादीत त्याचं नाव लागलं. दुकान मेहुण्याने सांभाळायला घेतलं. मेहुणा म्हणजे रेडिओच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. कात्रीला धार, जिभेला कुलूप. गिऱ्हाइकं त्याच्या हाताखाली आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत बसायची.

नातेवाइकांनी सल्ला दिला, आजारी माणसाने पडून राहावं. रेडिओने हा सल्ला असा मनावर घेतला, की गादीला त्याचा साचा पडला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्याला साध्या खुर्चीत बसवलं आणि हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळेला तो अर्ध्यावरच अडकला. धड बसलेला नाही, धड उभा नाही.

"लिव्हर मी बदलेन," डॉक्टर म्हणाले, "पण नंतर खाटेवरून उठायचं ते तुम्हालाच. पायांत ताकद नसेल तर हे ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही. मग नाव बाजूला ठेवावं लागेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

घरी येईपर्यंत रेडिओ बंद होता. "लग्नानंतर पहिल्यांदा मला बसच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला," वहिनी मला म्हणाल्या, आणि डोळे पुसून हसल्या.

दवाखान्याने व्यायाम शिकवायला एक मुलगी नेमून दिली. ती फोनवर दिसायची. रोज चालायचं, रबराचा पट्टा ताणायचा, झोपण्याआधी आठवणीने खायचं आणि खुर्चीतून उठबस करायची. चालण्यात एकच अडचण आली. रेडिओ दर दाराशी थांबायचा, त्यामुळे गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत जेवणाची वेळ व्हायची. "काका, बोला हवं तेवढं, पण थांबायचं नाही," तिने फर्मान काढलं. तेव्हापासून ज्याला बातम्या हव्या असतील तो त्याच्याबरोबर चालू लागला. शिंपी आला, दूधवाला आला, मीही गेलो. पुढे रेडिओ, मागे आम्ही धापा टाकत. आजारी कोण, हे परक्याला सांगावं लागलं असतं.

खुर्चीचं मात्र त्याने वेगळं केलं. "घरातल्या खुर्च्यांत काय बसायचं? माझी राजाची खुर्ची आहे ना दुकानात." ती खुर्ची बुडाशी असलेला दांडा पायाने दाबला की वर चढते. तो बसायचा आणि मेहुण्याला म्हणायचा, "घे वर." मेहुणा दांडा दाबत राही, ती थेट वरपर्यंत. तिथून उठायचं म्हणजे नुसतं खाली घसरायचं. फळीवर टेकवलेल्या फोनमध्ये त्या मुलीला फक्त त्याचं छातीच्या वरचं अंग दिसे. "वा काका," ती म्हणे. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तसा आमचा रेडिओ उंटावरून व्यायाम करत होता.

वहिनींनी हे एकदा दारातून पाहिलं. त्या संध्याकाळी भावाला घरी जेवायला बोलावलं, एवढंच.

दोनेक महिने गेले. एक दिवस चालता चालता रेडिओ आवाज खाली आणून मला म्हणाला, "कुणाला बोलू नका. मी आखूड होतोय."

"म्हणजे?"

"खुर्चीत बसलो की आरशात माझी हनुवटी पावडरच्या डब्याच्या वर दिसायची. मग डब्याशी आली. आता नाक आलंय तिथे. आजार मला आतून खातोय हो. उठायलाही हल्ली जोर लागतो, पूर्वी कसा सहज उठायचो. नाव जाणार माझं यादीतून."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिलं. नाक खरंच डब्याशी होतं. मी त्याला धीर दिला आणि घरी येऊन स्वतःची उंची मोजली.

तपासणीला मीही सोबत गेलो. तीच खुर्ची, तेच डॉक्टर. रेडिओने हात छातीशी बांधले, डोळे मिटले आणि उठला. बसला, उठला. पाच वेळा झालं तरी थांबेना.

"पुरे, पुरे," डॉक्टर म्हणाले. "पाय कुठून आणलेत नवे? नाव राहतंय तुमचं."

"पण साहेब," रेडिओ रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझी उंची चाललीय त्याचं काय?"

डॉक्टरांनी त्याला भिंतीशी उभं करून मापलं. उंची होती तेवढीच. वहिनी खिडकीबाहेर काय बघत होत्या कोण जाणे, पण खांदे हलत होते.

"अहो," त्या शेवटी वळून म्हणाल्या, "तुम्ही नाही खाली आलात. खुर्ची आली."

मेहुणा दर आठवड्याला दांडा एखाद्या दाबाने कमी दाबत होता, ताईच्या सांगण्यावरून.

परतताना रेडिओ रागावून गप्प होता. तो राग दवाखान्याच्या फाटकापर्यंत टिकला. दुकानात शिरताच तो खुर्चीत बसला. "बोलत नाहीस म्हणून तुला साधा समजत होतो मी. घे खाली."

"दाजी, याच्या खाली जात नाही ती," मेहुणा म्हणाला. मी ऐकलेलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.

"मग ते स्टूल आण."

आता तो रोज त्या बुटक्या स्टुलावरून उठबस करतो. दवाखान्याचा फोन कधीही येईल म्हणून मोबाइल पावडरच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. खुर्चीत मी असतो, माझ्या डोक्यावरून मेहुणा हवेत कात्री चालवत असतो. स्टुलावर बसलेल्या रेडिओचं आरशात फक्त कपाळ दिसतं. बातम्या मात्र पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातात.