इंजिनाच्या तोंडातलं नाणं

माझ्या वडिलांनी विमानाच्या इंजिनात नाणं टाकलं, आणि सगळ्यांसमोर ‘नाही टाकलं’ म्हणून सांगितलं. पत्रकं लिहायची सवय आहे, म्हणून मुद्दा आधी. बाकीचं आता सांगते.

आम्ही बनारसचे. घर मंगला गौरीच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, भांडण दोन्हीत. बाबा पौरोहित्य करतात. माझा मोठा भाऊ, दादा, विमानांच्या इंजिनांची देखभाल करतो. शहराबाहेर एका खासगी कंपनीचं हँगर आहे, तिथे छोटी विमानं तपासायला येतात आणि दादाची सही झाल्याशिवाय हलत नाहीत. त्या सहीसाठी तो कितीतरी वर्षं झिजलाय. आणि मी? ‘ही काही करत नाही,’ असं घरचे पाहुण्यांना सांगतात. रामनगरकडे जाणाऱ्या होड्यांत माणसं कोंबतात आणि लाइफजॅकेट एकालाही देत नाहीत, त्याविरुद्ध मी पत्रकं काढते आणि बालाजी घाटापासून पुढे वाटत जाते. माझ्या प्रत्येक पत्रकाचं शीर्षक एकच: ‘कौन जिम्मेदार?’

ते शीर्षक हल्ली वाचलं की माझे कान तापतात.

झालं असं, की विश्वकर्मा पूजेचा दिवस होता. इथे त्या दिवशी गॅरेजपासून छापखान्यापर्यंत सगळीकडे यंत्रांना हार चढतात. हँगरच्या साहेबांना वाटलं, इंजिनाचीही पूजा व्हावी. ‘आपके घर में तो पंडितजी हैं, बाहर से किसको बुलाएँ?’ असं ते दादाला म्हणाले. दादाच्या मनात नव्हतं. पण साहेबाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत आहे का? बाबा निघाले. पूजेची पिशवी धरायला मी. ‘क्रांती दुपारनंतर कर,’ दादा मला म्हणाला.

विमान छोटंसं होतं. इंजिनं पंखांखाली नव्हती, मागे शेपटीजवळ दोन्ही अंगांना होती, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. दादाचं काम संपत आलं होतं. एका छोट्या भोकातून त्याने इंजिनात बोरोस्कोप घातला होता. बोरोस्कोप म्हणजे बारीक लवचिक नळी, टोकाला कॅमेरा. समोर पडद्यावर आतलं दिसत होतं. बाहेरून एक जण हँडल हळूहळू फिरवत होता आणि पडद्यावरून एकामागून एक पातं सरकत होतं. करड्या-तपकिरी रंगाची, कडा किंचित भाजलेली पाती, आणि प्रत्येकावर सुईने टोचल्यासारखी भोकं.

‘हे टर्बाइन, बाबा,’ दादा म्हणाला. ‘पुढचा पंखा हवा ओढतो, त्याच्यामागची चाकं ती दाबत आत नेतात, मधे इंधन जळतं. तो भडकलेला वायू मागे सुटता सुटता या टर्बाइनला फिरवतो. दोघं एकाच दांड्यावर, त्यामुळे हे फिरलं की पुढचंही फिरतं.’

‘आणि पुढचं फिरतं तेव्हा याला वारा मिळतो. मग पहिलं कोण?’

‘पहिला स्टार्टर.’

मी हसले. बाबा नाही हसले. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. ‘आणि ही भोकं?’

‘आतला वायू इतका गरम असतो की पात्याचा धातूच वितळावा. म्हणून पातं पोकळ ठेवतात. आतून गार हवा सोडतात, ती या भोकांतून येते आणि पात्यावर पसरते. आग पात्याला थेट लागतच नाही.’

‘म्हणजे ओलेत्याने चुलीपुढे उभं राहायचं.’

‘अगदी. पण भोक बुजलं की तिथे पातं भाजलंच.’

‘बुजू नये म्हणून काय करता?’

‘बघतो. सारखं बघत राहतो. दुसरं काय?’

बाबांनी पडद्याला हात जोडले. पोटच्या मुलाचं काम त्यांनी पहिल्यांदा बघितलं होतं आणि त्यांचे डोळे भरले होते. हे सांगितलं नाही तर पुढचं सांगणं अन्याय होईल.

पूजेआधी दादाने बजावलं होतं, ‘बाबा, कुंकवाचं बोट फक्त बाहेरच्या पत्र्याला. तोंडात काहीही नाही. एक दाणासुद्धा नाही.’ बाबांनी मान हलवली होती. पूजा झाली, आरती झाली, नारळ लांब जमिनीवर फुटला. सगळे प्रसादाच्या टेबलाकडे गेले. मी पिशवी भरत होते. बाबा एकटेच इंजिनापुढे उभे राहिले.

आता बाबांच्या हाताबद्दल सांगायला हवं. रामनगरच्या पुलावर गाडी चढली की त्यांचा हात आपसूक खिशात जातो. नाणं कपाळाला लागतं आणि गंगेत जातं. बोलणं चालू असलं तरी, डुलकी लागलेली असली तरी. गंगेला रिकाम्या हाताने ओलांडायचं नाही, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे, त्यांना विचारावं लागत नाही. तोच हात खिशात गेला. चिमूटभर अक्षता आणि नाणं कपाळाला लागलं. आणि आत टण असा बारीक आवाज झाला.

ते वळले. मी बघितलंय हे त्यांनी बघितलं. ‘चल, प्रसाद घे,’ म्हणाले.

बोरोस्कोपचं भोक बंद केल्यावर इंजिन एकदा जमिनीवर चालवून बघावं लागतं. साहेबांनी ते मुद्दाम पूजेनंतर ठेवलं होतं. विमान बाहेर ओढलं. दादाने तोंडात टॉर्च मारला, कडेवरची अक्षत पुसली, आत काही दिसलं नाही म्हणून मागे सरला. नाणं पंख्याच्या पात्यांमधून मागे घरंगळलं होतं, ते कुठून दिसणार? ‘पंडितजी, अब शुभारंभ देखिए,’ साहेब म्हणाले.

मी बाबांच्या कानाशी लागले. ‘बाबा, सांगा त्याला.’

‘काय सांगू?’

‘नाणं.’

‘शुभ असतं ते. चूप राहा. दादाची बेइज्जती होईल.’

इंजिन सुरू करायचा इशारा द्यायला दादाचा हात वर गेला, आणि मी ओरडले. होडीवाल्यांविरुद्ध घाटावर ओरडते त्याच आवाजात. ‘रोको! इंजन में सिक्का है!’

सगळं थांबलं. ‘किसने डाला?’ साहेबांनी विचारलं.

‘पिताजी ने.’

बाबा ताठ उभे होते. यजमानापुढे असतात तसे. ‘नहीं,’ म्हणाले. ‘हमने तो बाहर ही अक्षत चढ़ाया.’

साहेब हसले. ‘पंडितजी झूठ थोड़े बोलेंगे. बिटिया को नारेबाज़ी की आदत पड़ गई है.’ चारपाच जण हसले. मला खरं ठरायचं होतं आणि त्याच क्षणी असंही वाटत होतं की आत काही सापडू नये. असं दोन्ही वाटणाऱ्या बाईने पत्रकं लिहावीत का?

दादाने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कानावरचा हेडसेट काढला. ‘सच-झूठ बाद में. पहले देखेंगे.’

तो कमरेपर्यंत इंजिनाच्या तोंडात शिरला. हाताने पंखा हळू फिरवत, कान लावून. कुठेतरी खुळखुळलं. पुन्हा बोरोस्कोप आला, मग टोकाला चुंबक असलेली लांब काडी. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा टोकाला एक रुपया चिकटलेला होता. दाणे वेगळे वेचावे लागले. कुंकवाने लाल झालेले.

दादाने नाणं बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबा नाण्याकडे बघत म्हणाले, ‘निसटलं असेल.’ मराठीत म्हणाले, म्हणजे फक्त आम्हा दोघांना कळावं म्हणून. ही लाज मला कुठे ठेवू ते अजून कळलेलं नाही.

साहेबांनी दादाची सही थांबवली. वडील त्याचे, टॉर्चही त्याचा. पूजेची हौस कुणाची होती हे साहेब विसरले. ‘कौन जिम्मेदार’ म्हणून त्यांच्यावर झकास पत्रक झालं असतं. मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. लिहायचं तर पहिलं नाव घरातलं आलं असतं.

घरी येताना ऑटोत मी दादाला विचारलं, ‘चालू झालं असतं तर?’

‘एखाद्या पात्याचा तुकडा उडाला असता. त्याने मागची पाती तोडली असती. मग ते सगळं आगीतून जाऊन टर्बाइनवर बसलं असतं.’ बाबा आमच्या मधेच बसले होते. दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, ‘मागच्याला लागलं की पुढचाही थांबतो.’

आता दादा हँगरच्या स्टोअरमध्ये बसून सुटे भाग देतो-घेतो. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, मुलाला बसून करायचं काम मिळालं. मी बाजूला उभी असते. ऐकते. माझं ओरडणं बरोबर होतं, उद्याही ओरडेन. पण ‘पिताजी ने’ म्हणताना जिभेला जी चव लागली होती, ती पत्रक चांगलं जमल्यावर लागते तशीच होती. बापाचं नाव घेताना ती लागायला नको होती.

गेल्या आठवड्यात रामनगरला एका यजमानाकडे जायचं होतं. बाबा आणि मी. ऑटो पुलावर चढला. बाबांचा हात खिशात गेला, नाणं बाहेर आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

‘टाकू का गं?’ त्यांनी मला विचारलं. परवानगी मागावी तसं. मला त्यांच्याकडे बघवेना.

‘टाका ना, बाबा. नदी आहे ती.’

त्यांनी नाही टाकलं. पूल सरत आला तेव्हा म्हणाले, ‘मी साहेबांकडे जाऊन सांगू का, मीच टाकलं म्हणून?’

‘त्यांना माहीत आहे, बाबा.’

‘हो. पण मी कुठे सांगितलंय?’

ऑटोवाला आरशातून बघत होता. मी म्हटलं, ‘येते मी बरोबर. पिशवी धरायला.’