शर्लिनची हनुवटी

शर्लिन एका जागी उभी आहे, असं दृश्य पाचूबंदरात कोणी पाहिलेलं नाही. मिस्साच्या वेळी अख्खं चर्च गुडघ्यांवर गप्प असतं आणि हिच्या बाकाचा पाट करकरत असतो. बसथांब्यावर ती चार पावलं पुढे, चार पावलं मागे करते, त्यामुळे बस आली की ती नेमकी लांबच्या टोकाला सापडते. भुईगावात मासे विकताना हातात सुरमई, तोंडात भाव, आणि खाली पाय आपले वेगळेच काहीतरी करत असतात. तिची आई, आग्नेसमावशी, सगळ्यांना सांगते, "ही पोटात व्हती तवा लाथा मारून माजी झोप खाल्लीन. आता शेजाऱ्यांची खाते."

शेजारी म्हणजे आम्ही. तिची पडवी आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. पडवीच्या वाशाला तिची बॉक्सिंगची बॅग टांगलेली, आणि बॅगवर ठोसा बसला की आमच्या मांडणीवरचा हळदीचा डबा मिठाच्या डब्याला भेटायला जातो.

ही बॅग काही दुकानातली नाही. जाड निळी ताडपत्री दाभणाने शिवली, आत फाटकी जाळी आणि जुने कपडे ठासून भरले, आणि झुलू नये म्हणून खालून दोरीने होडीच्या नांगराच्या दगडाला बांधली. जाळी सात वेळा धुतली होती. तरी दुपारचं ऊन पडवीत आलं की ताडपत्रीतून बोंबलाचा वास सुटतो. पहिल्या आठवड्यात शर्लिनचा सराव बघायला रोज पाच मांजरं रांगेत बसायची. तिने ठोसा मारला की पाचही माना एकदम वळायच्या.

शर्लिन सव्वीस वर्षांची. वर्षापूर्वी वसई गावातल्या एका जुन्या हॉलमध्ये ॲन्सेल्म सरांच्या क्लासला ती पहिल्यांदा गेली, ती तिथे मासे द्यायला. मासे दिले आणि थांबली. सर रेल्वेतून निवृत्त झालेले बॉक्सर. नाक तीनदा मोडलेलं, त्यामुळे सदा चोंदलेलं; त्यांच्या तोंडून 'न' किंवा 'ण' निघाला की त्याचा 'द' होतो. बाकीच्या पोरी सतरा-अठराच्या. शर्लिन त्यांच्यात काकूच. पण तिचा उजवा ठोसा सरांच्या हातातल्या पॅडवर बसला आणि तो हात मागे गेला, तेव्हापासून तिला काकू कोणी म्हणत नाही. निदान तोंडावर तरी.

दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी ती क्लासवरून आली ती पळतच.

"विरारला नवख्या मुलींच्या लढती आहेत! सरांनी माझं नाव लिहिलंय!"

"मंग थयथय का करतंस?" मावशी म्हणाली.

"नाव कापतील पण."

सरांनी कसं सांगितलं ते तिने सांगायची गरज नव्हती. गेलं वर्षभर तिच्या तोंडून ऐकून ऐकून आमच्या गल्लीत सरांचा आवाज सगळ्यांना पाठ आहे. "बेटा, हात छाद. पाय छाद. पद हदुवटी! हदुवटी कुठे चालली, आकाशात? पुढच्या गुरुवारी बघदार. तीद राउंड बॅगवर, एक माझ्या पॅडवर. हदुवटी वर दिसली की दाव कट. मी पोरींदा मार खायला पाठवत दाही."

पुढचा गुरुवार म्हणजे दहा दिवस.

खरं तर बॅगवर तिचं बाकी सगळं सुधारलं होतं. सुरुवातीला ती बॅगेला ढकलायची. धप्प असा आवाज, आणि बॅग दगडासकट सरकायची. सर म्हणायचे, ती दार उघडतेय का बॅगवर ठोसा मारतेय? मग ती शिकली: मनगट सरळ, मुठीच्या पहिल्या दोन गाठी आधी लागल्या पाहिजेत, मागच्या पायाची टाच वळली पाहिजे, म्हणजे ताकद जमिनीतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात येते. ठोसा लागला की हात त्याच वाटेने परत गालाशी. मारण्यापेक्षा परत आणणं महत्त्वाचं. एका संध्याकाळी धप्पच्या जागी फट्ट झालं. बॅग हलली नाही, नुसती थरथरली, आणि मांजरं उठून गेली. त्या दिवशी आमचे डबेही जागच्या जागी राहिले.

पण हनुवटी! ती खाली घ्यायची, पहिला ठोसा मारायची, आणि हनुवटी वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. आणि तिला ते कळायचंच नाही. पडवीत आरसा नाही. मंगळवारी तिने मला हाक मारली.

"ए कार्टे, इकडे ये. सगळ्यांची करतेस ना नक्कल? माझी कर."

"राग येईल."

"करतेस का तुला बॅगेत भरू?"

मी तिचे ग्लोव्ह्ज घातले आणि केली. पाय तिचे, कंबर तिची, आणि वर मान: ताठ, हनुवटी समोर, डोळे मात्र खाली जमिनीकडे. दोन ठोसे मारले असतील. पडवीच्या पायरीवर आग्नेसमावशी कोलंबी सोलत होती. तिने वर बघितलं आणि हसून हसून तिच्या हातातली कोलंबी सालांत पडली.

"अगो, ही तर पाटी घेऊन चाललीय!"

शर्लिनचे पाय थांबले. यावरून काय ते समजा. चौदाव्या वर्षापासून रोज सकाळी टेम्पोने भुईगाव, आणि तिथून गल्ल्यागल्ल्यांतून डोक्यावर माशांची पाटी. बारा वर्षं. पाटी डोक्यावर असली की मान ताठ, हनुवटी सरळ, आणि रस्त्यातला खड्डा बघायचा तर फक्त डोळे खाली. सरांना हवं होतं ते बरोबर उलटं: हनुवटी खाली, डोळे वर. शर्लिन बॅगेसमोर उभी राहिली की तिच्या मानेला वाटायचं, वर पाटी आहे, सांभाळ.

मग रुमाल आला. हनुवटी आणि छातीच्या मध्ये घडी केलेला रुमाल धरायचा आणि मारायचं. रुमाल पडला की हनुवटी उठली. बुधवारी रुमाल पडला. गुरुवारी पडला. शुक्रवारी तो उचलून उचलून तिची कंबर दुखायला लागली आणि माझी पण, कारण अर्ध्या वेळी उचलायला मी. पडवीतून आमच्याकडे येणारा आवाज बदलला: फट्ट, "शी!", फट्ट, "शी!" माझी आई पोळ्या लाटताना त्याच तालावर लाटायला लागली.

शनिवारी शर्लिनने जाहीर केलं, "पाटीच नको. दहा दिवस... आता पाच. पाच दिवस डोक्यावर काही घेणार नाही."

"मंग मासे कं उडत जाणार?"

"बादल्या."

दोन हातांत दोन बादल्या घेऊन ती भुईगावला गेली. दुपारी आली तेव्हा अर्धे मासे बादल्यांत तसेच होते. भुईगावातल्या बायकांनी तिचं काय केलं ते तिने संध्याकाळी ऐकवलं. एकेकीचा आवाज काढून, रागारागात, बॅगेभोवती फिरत.

"'पाटी कुठंय गो? बादलीतले म्हणजे कालचे ना?' अरे, आत्ता बंदरावरून उचललेले! 'नको बाय, पाटीतले आणशील तेव्हा घेईन.' कल्ला उघडून दाखवला, लालभडक. तर म्हणते, 'रंग लावलाय काय?' रंग!"

पुढे वाईट झालं ते असं, की बादल्या वाहून तिचे हात गळले. हनुवटी थोडी खाली यायला लागली होती, पण हात गालाशी राहीनात. सोमवारी क्लासला सर ओरडले, "आता हात कुठे गेले? भाजी आदायला?" ती घरी आली, हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडल्या. जेवायला बसली आणि दोन घासांत उठली. मंगळवारी पुन्हा बादल्या, पुन्हा परत आलेले मासे. मावशीने ते मीठ लावून वाळत घातले आणि एक शब्द बोलली नाही. आग्नेसमावशी बोलत नाही म्हणजे आमच्या गल्लीत वीज गेल्यासारखं वाटतं.

बुधवारी सकाळी शर्लिन बादल्या घ्यायला आली, तर पाटीही नव्हती, मावशीही नव्हती.

मावशीने दोन वर्षांपूर्वी फेरी सोडलेली. डावा गुडघा. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं, तेव्हाच पाटी शर्लिनच्या एकटीच्या डोक्यावर आली होती. आता अठ्ठावन्नची बाई, वाकडा गुडघा, आणि डोक्यावर भरलेली पाटी.

शर्लिनने ग्लोव्ह्ज घातले. एक ठोसा मारला. काढले. गेटपर्यंत गेली, परत आली. पुन्हा ग्लोव्ह्ज घातले. मला म्हणाली, "मी बॅग मारावी म्हणून गेलीय ना ती? मग मारते ना मी." एक ठोसा. हनुवटी आकाशात. रुमाल पायाखाली. मग ग्लोव्ह्ज माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "चल!"

रिक्षाभर ती बसून चालत होती; गुडघे वरखाली, वरखाली. रिक्षावाला म्हणाला, "ताई, गाडी मी चालवतोय."

भुईगावात केळीच्या वाडीलगतच्या गल्लीत मावशी पुढे चालताना दिसली. डावा पाय किंचित ओढत होती, पण मान अशी, की पाटीतला एक बोंबील हलत नव्हता. एका फाटकाशी तिने हाक दिली, "मावरं घ्या मावरं, ताजं हाय!" घरातून उत्तर आलं, "आग्नेस? अगो तू? ये, ये!"

शर्लिन पाटी घ्यायला धावली आणि चार पावलांवर थबकली. मावशी पाटी उतरवत होती. मदतीला कोणी नसलं की बायका कशी उतरवतात ते आम्ही शंभरदा बघितलेलं. दोन्ही हात वर पाटीच्या काठाला. कोपरं पुढे, चेहऱ्यासमोर. खांदे वर चढतात. गुडघे थोडे वाकतात. आणि मान आपोआप खांद्यांत शिरते, हनुवटी छातीशी. डोळे मात्र वर, पाटीवर.

"आय," शर्लिन म्हणाली, "थांब. परत चढव."

"कं?"

"पाटी परत डोक्यावर घे. आणि उतरव. हळू."

मावशीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हिला ऊन लागलं?" पण घेतली. उतरवली. फाटकातली बाई ताट घेऊन उभी. "मासे विकतेस का कवायत करतेस गो?"

शर्लिन तिथेच, रस्त्यात, रिकामे हात वर नेऊन पाटी उतरवत होती. कोपरं पुढे, खांदे वर, हनुवटी आत. तिथून एक जॅब, सरळ ठोसा, हवेत. हात परत काठाला. पुन्हा एक. हनुवटी जागेवर. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"हेच तर मना येतंय की," ती म्हणाली. फार रागावली की तिची शहरी मराठी गळून पडते, पण आज ती रागावलेली नव्हती. "रोज येतंय. चालताना नाय, उतरवताना."

उरलेली फेरी पाटी शर्लिनच्या डोक्यावर. दर फाटकाशी ती इतक्या प्रेमाने उतरवत होती, की एक आजी म्हणाली, "आत काय, लहान पोर आहे?" पाटी रिकामी झाली. घरी आल्यावर रुमाल न घेताच ती बॅगेसमोर उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत आमचे डबे गप्प होते.

गुरुवारी हॉलमध्ये मावशी आणि मी दोघी गेलो. मावशी दारापाशी स्टुलावर, गुडघ्याला पट्टा. सरांनी घड्याळ लावलं. पहिला राउंड, फट्ट, फट्ट, हनुवटी आत. दुसरा राउंड, तसाच. सर बॅगेभोवती फिरत खालून, बाजूने बघत होते, जसा कोणी घर घेताना ओल कुठे आहे ते शोधतो. तिसऱ्या राउंडला शर्लिन दमली. खांदे खाली यायला लागले, मान लांब झाली, आणि हळूहळू ती भुईगावच्या गल्लीत चालायला लागली.

सरांनी तोंड उघडलंच होतं.

"उतरव!" दारातून मावशी ओरडली. असा आवाज, की रस्त्यावरचा सायकलवाला उतरला.

हात वर, खांदे वर, हनुवटी आत. फट्ट.

पॅडवरच्या राउंडला मावशीला तीनदा ओरडावं लागलं. चौथ्या वेळी सरांचा पॅड खालून आला, मावशी ओरडायच्या आत, आणि हनुवटीला टेकला. मारला नाही, नुसता टेकवला. तसाच धरून ठेवला. घड्याळ वाजलं.

शर्लिन जागच्या जागी उड्या मारत होती. "सर, एकदाच. एकदाच ना?"

"एकदा पुरतं, बेटा."

"म्हणजे कट?"

सरांनी पॅड काढले, नाक पुसलं, वही उघडली. वहीत बघत इतका वेळ उभे राहिले, की शर्लिन हॉलला एक फेरी मारून परत आली. मग वही बंद केली आणि दाराकडे वळले.

"दाव ठेवतो. पद बाई, तुम्ही रविवारी विरारला यायचं."

"रविवारी?" मावशी उठलीच. "रविवारी मासे कोन विकणार? आनि मिस्सा?"

"मिस्सा शदिवारी संध्याकाळी करा. मासे मी घेतो सगळे."

मावशीने तरी लगेच हो म्हटलं नाही. मासे विकत घेणारा माणूस दिसला की ती आधी त्याला पूर्ण बघून घेते. "तिथं वरडायला देतात?"

"राउंड चालू असतादा कोचला बोलता येत दाही. कॉर्दरमधूद एक शब्द दाही. दियम आहे."

"मी कोच हाय?"

"दाही."

"मंग झालं. मी लोकांत बसेन. बाजूच्या बाईला सांगेन, पाटी उतरव म्हनून. जोरात सांगेन. तिला ऐकायला कमी येतं."

"कोणत्या बाईला?" सरांनी विचारलं.

मावशीने माझ्याकडे बोट केलं. शर्लिन तोवर बॅगेकडे परत गेली होती, आणि तिथून पुन्हा फट्ट, फट्ट सुरू झालं होतं.